धूर कुंपणापलीकडे तांबडा होतो

नाना,

सोमवारी तुमच्या दशक्रियेला मी आले नाही. मुदत संपलेला माल शेडमध्ये येऊन पडला होता, तो ठेवून घेण्यासारखा नव्हता, आणि माझ्या हाताखालचा इंजिनिअर तापाने घरी होता. घाटावर सगळे जमले असतील त्या वेळी मी भट्टीच्या काचेपाशी उभी होते. तुमच्या घरच्यांना काय वाटलं असेल ते मला सांगता येत नाही, पण तुमचं मात्र येतं. मी भट्टी सोडून आले असते तर तुम्ही चारचौघांत विचारलं असतंत, "तू हितं काय करती? तिकडं आग कोण बघतंय?"

पेपरात तुमचा फोटो आला. खाली छापलंय, 'प्रगतशील शेतकरी'. खोटं नाही ते. पण ज्या नानांनी मला माझंच काम शिकवलं, आणि त्यासाठी मला आधी चांगलं तोंडावर पाडलं, ते नाना त्या दोन शब्दांत कुठे सापडत नाहीत. म्हणून हे लिहितेय.

आपली ओळख भांडणातून झाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सिन्नर रस्त्यावरच्या त्या कारखान्यात मला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. लहान रॉकेटांचं घन इंधन तिथे बनायचं, त्याला आम्ही प्रोपेलंट म्हणतो. दिसायला रबरासारखं, हातात घेतलं तर मोठं खोडरबर वाटावं. त्याचे कापून उरलेले तुकडे, तडा गेलेले ठोकळे, जुना झालेला माल साठवून ठेवणं धोक्याचं, तो जाळूनच टाकावा लागतो. तेव्हा आम्ही तो आवाराच्या मागच्या खड्ड्यात, उघड्यावर जाळायचो, आठवड्यातून दोनदा. त्या मालात नत्र ठासून भरलेला असतो. जळताना त्याचे ऑक्साइड होतात आणि तांबडा, घसा खरवडणारा धूर उठतो. कुंपण ओलांडून तो पहिल्यांदा ज्या मळ्यावर उतरायचा, तो मळा तुमचा.

गेटवरून फोन आला की एक शेतकरी पाटी घेऊन बसलाय आणि उठायला तयार नाही. कोणालाच खाली जायचं नव्हतं, म्हणून सगळ्यात नवीन असलेल्या मला पाठवलं. तुम्ही सावली सोडून उन्हात बसला होतात, बहुधा मुद्दामच. पाटीत पालकाच्या जुड्या होत्या.

"हा पालक तुमचा हे," तुम्ही म्हणालात.

"माझा? मी नाही मागवला."

"मागवला नाय, पण केला तुम्हीच. मी पेरला तवा हिरवा व्हता. हे ठिपके तुमचे. बाजारात कोणी हात लावीना. आता घरी न्या अन् भाजी करा."

तुम्ही एक जुडी सोडून माझ्यापुढे धरलीत. पानांवर निखारे उडाल्यासारखे पांढुरके, कडेने तपकिरी डाग होते. मला हसू आलं, तुमच्या बोलण्याचं, डागांचं नव्हे. तुम्हाला वाटलं मी डागांना हसले. पुढे कितीतरी दिवस तुम्ही मला ते हसणं विसरू दिलं नाहीत.

तुमच्यासारख्या आणखी दोघा-तिघांनी तक्रारी केल्या आणि कारखान्याने खड्डा बुजवून बंद भट्टी बांधली. धूर भट्टीतून एका उंच टाकीत जायचा, टाकीत वरून पाण्याचा मारा, आणि तिथून चिमणी. आराखडा अर्धाअधिक माझा होता. पहिल्या दिवशी नारळ फोडला, पेढे वाटले, आणि सगळे मान वर करून चिमणीकडे बघत राहिलो. धुराचा रंग गेला होता, वर निव्वळ आभाळ दिसत होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी त्या दिवशी घरी कशी गेले ते मला आठवत नाही, इतकी हवेत होते.

तीन आठवड्यांनी तुम्ही पुन्हा गेटवर, पाटी घेऊन. डाग तसेच.

साहेब म्हणाले, "चिमणी स्वच्छ आहे ना? मग तसं लिहून टाका."

मी लिहिलं. चिमणीच्या तोंडाशी धूर रंगहीन आहे. सबब पानांवरील डाग बुरशीमुळे किंवा मशागतीतील चुकीमुळे असावेत. मशागतीतील चूक! तुम्ही तेव्हा तीस-पस्तीस वर्षं पालक, मेथी, शेवंती पिकवत होतात. मी आयुष्यात कुंडीतल्या तुळशीपलीकडे काही लावलेलं नव्हतं. तरी ते वाक्य लिहिलं आणि खाली सही केली. साहेबांनी कागद पुढे केला म्हणून नव्हे, नाना. माझी भट्टी चुकीची असेल हे मला मानायचंच नव्हतं, म्हणून.

मला वाटलं होतं, तुम्ही आता गेटवर येऊन आरडाओरडा कराल. तुम्ही दोन महिने आलाच नाहीत. आलात ते शाळेची शंभर पानी वही घेऊन. सातवीपर्यंतचं शिक्षण, पण अक्षर मोत्यासारखं. पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'मंगळवार. वारा कारखान्याकडून. सूर्य कासराभर वर असताना भट्टी लागली. चिमणीला काही नाही. कुंपणाशी पिवळट. पालकावर तांबडा.' पुढचं पानही तसंच, त्याच्या पुढचंही. वारा उलटा असला की 'आज काही नाही' एवढंच.

मी म्हटलं, "चिमणीतून निघताना नाही आणि नंतर रंग येतो? असं कसं होईल?"

"ते मला काय ठाव? तुम्ही शिकलेल्या. उद्या भट्टी हे ना? मग उद्या तिकडं खाली उभ्या राहू नका. हिकडं या, माझ्या मळ्यात."

मी आले. तुमच्या घरच्या, यमुनाकाकू, शेवंती खुडत होत्या. त्यांनी नुसतं बघितलं आणि पुन्हा कामाला लागल्या. तुम्ही मला पालकाच्या वाफ्यांच्या मधोमध उभं केलंत. तिकडे भट्टी लागली. चिमणीच्या तोंडाशी काही दिसेना. मग आमच्या कुंपणाच्या तारेवर हवेला पिवळसर झाक आली, जुन्या कागदासारखी. ती सरकत सरकत, गडद होत, तुमच्या बांधावर आली, आणि आपल्या डोक्यावर पोचली तेव्हा चांगली विटकरी होती. मला खोकल्याची उबळ आली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकूंनी तांब्या आणून दिला. तुम्ही वही उघडून लिहायला लागलात. रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं.

माझी चूक मला तिथेच, त्या वाफ्यात, कळली. नत्राचा एक ऑक्साइड बिनरंगी असतो आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दुसरा तांबडा, तो पाण्यात विरघळतो. माझी टाकी तांबडा तेवढा धुऊन काढत होती. बिनरंगी गुपचूप चिमणीतून बाहेर पडत होता आणि वाटेत हवेतला प्राणवायू घेऊन तांबडा होत होता. मी धुराचा रंग पुसला होता. धूर तसाच होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकलेली गोष्ट, पण चिमणीखाली उभं राहून ती दिसायची नाही. ती दिसायला तुमच्या पालकात उभं राहावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या टेबलावर पत्र ठेवलं: माझा आधीचा अहवाल चुकीचा आहे, तो मी मागे घेत आहे.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "कुंपणाबाहेर धुराचा रंग काय होतो हे बघणं आपलं काम नाही."

"सर, तो धूर आपण केलाय."

"आधीच्या अहवालावर सही कोणाची?"

"माझी. म्हणूनच तो मी मागे घेतेय."

त्यांनी पत्र घडी घालून खणात ठेवलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी होतं. शेवटी म्हणाले, "दिवाळीपर्यंत भट्टी बंद. चाचण्यांपुरता माल मिळेल. दिवाळीपर्यंत जमलं तर जमलं, नाही तर पुन्हा खड्डा खणायचा. माल मी अनंत काळ साठवू शकत नाही."

पुन्हा खड्डा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला मी स्वतः आले. वाटलं, आता तुम्ही माझ्यावर उखडाल. तुम्ही विचारलंत, "दिवाळीला किती दिवस हे?" आणि बोटांवर मोजायला लागलात.

त्या पावसाळ्यात मी, तुम्ही आणि आमचे फिटर शब्बीरभाई, असे तिघेच होतो खरं तर. बाकी सगळ्यांनी हात झटकले होते. पहिलं काम शब्बीरभाईंनी केलं. भट्टीत विटांची भिंत घालून दोन खोल्या केल्या. पहिल्या खोलीत हवा मुद्दाम कमी द्यायची. आगीला प्राणवायू कमी पडला की ती ऑक्साइडमधलाच प्राणवायू ओढून घेते आणि नत्र सुटा होतो, आपण श्वासात घेतो त्या हवेतल्यासारखा, निरुपद्रवी. दुसऱ्या खोलीत मग भरपूर हवा देऊन बाकीचं जाळून टाकायचं. त्याने फरक पडला. तुमच्या वहीत 'तांबडा' जाऊन 'पिवळट' आलं. मी खूश होऊन तुमच्याकडे आले तर तुम्ही जुडी पुढे केलीत. डाग कमी होते, पण होते.

मग मी युरिया म्हटलं आणि तुम्ही बांधावर बसून हसलात.

"युरिया? तो तर नत्र हे! आधीच नत्राचा धूर, त्यात आणिक नत्र घालता?"

"नाना, युरियातला नत्र आणि धुरातला नत्र गरम हवेत एकमेकांना भेटले की दोघं मिळून साधा नत्र होतो. वर पाण्याची वाफ, आणि थोडा कार्बन डायऑक्साइड."

"म्हंजे दोन भांडकुदळ एका खोलीत कोंडायचे, अन् दोघंबी गप होऊन भाईर येणार?"

"तसंच."

"मला नाय पटत," तुम्ही म्हणालात. शेवटपर्यंत पटलं नाही तुम्हाला ते. वीस वेळा समजावलं असेल. पण त्याच संध्याकाळी तुम्ही तुमच्या कोठीतलं अर्धं पोतं युरिया सायकलला बांधून गेटवर आणून दिलंत. आमच्या स्टोअरमधून मागवायचं तर आठ दिवस गेले असते. न पटलेल्या गोष्टीसाठी इतक्या लगबगीने सायकल मारत आलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

अडचण होती ती उष्णतेची. युरियाचं पाणी फार तापलेल्या जागी फवारलं तर त्याचाच धूर होतो. थंड जागी फवारलं तर ते तसंच अमोनिया होऊन बाहेर पडतं. मधली एक बरोबर जागा असते आणि ती शोधावी लागते. शब्बीरभाईंनी भट्टीच्या अंगाला ओळीने चार भोकं पाडली, फवाऱ्याचं नोझल हलवता यावं म्हणून. माझ्याजवळ धूर मोजायचं यंत्र होतं, पण ते चिमणीपाशी. कुंपणापलीकडे तुम्ही होतात, तुमचं नाक होतं.

पहिल्या भोकातून फवारलं. वहीत आलं, 'पिवळट, आधीपेक्षा जास्त.' शेवटच्या भोकातून फवारलं. तुम्ही धापा टाकत कुंपणाशी आलात, "आज गोठ्याचा वास आला! भरल्या गोठ्याचा! काकू म्हणती, म्हशी घेतल्या का काय त्यांनी?" शब्बीरभाई इतके हसले की त्यांच्या हातातला पाना खाली पडला. मग तिसरं भोक. मग तिसऱ्या भोकातच नोझल चार बोटं आत. मग पाण्याची धार बारीक. रोज थोडा माल, रोज एक बदल, रोज तुमचं एक वाक्य. नवरात्र गेलं, दसरा गेला. साहेब आता मला जिन्यात भेटले तरी घड्याळाकडे बघायचे.

आणि मग तो गुरुवार आला. दिवाळी तोंडावर आली होती, तुमची शेवंती भरात होती, वारा थेट तुमच्याकडे. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा चाचणीचा नाही, पुरता माल जाळला. सकाळपासून तीनदा. दुपारी गेटवरून फोन: "म्याडम, ते नाना आलेत. लय तापलेत."

मी पळत खाली आले.

तुम्ही गेटच्या गजांना धरून उभे होतात. "आज भट्टी लावली का नाय?"

"का? काय झालं नाना?"

"सकाळधरनं बसलोय वही उघडून! ना रंग, ना वास. लावायची नव्हती तर निरोप तरी धाडायचा. माझी खुडणी राहिली तुमच्यापायी!"

"नाना," मी म्हटलं. "नाना, तीन वेळा लावली. पुरा माल. सकाळपासून तीन वेळा."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग चिमणीकडे. मग तुमच्या मळ्याकडे. गज सोडून खालीच बसलात, त्या पहिल्या दिवशी बसला होतात तसे, आणि टोपी काढून मांडीवर ठेवलीत. "तीनदा?" म्हणालात. "आँ? तीनदा?" आणि मग जे हसायला लागलात! शब्बीरभाई मागून आले, त्यांनी तुम्हाला उठवून मिठीच मारली. त्यांच्या हातांचं ग्रीस तुमच्या सदऱ्याला लागलं. वॉचमनला काही कळत नव्हतं, तोही हसत होता. मी रडत होते. इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता, आणि लग्नात झाला होता का, ते मी इथे लिहीत नाही.

पुढच्या खेपेला साहेब स्वतः तुमच्या मळ्यात येऊन उभे राहिले, पॉलिश केलेल्या बुटांनी ओल्या वाफ्यात. भट्टी लागली, विझली. ते वर बघत राहिले. "झालं?" त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "झालं. आता शेवंती घेऊन जा घरच्यांना." नंतर कारखान्याने नियमच केला: मोजणी चिमणीपाशी आणि कुंपणापलीकडच्या पिकात, दोन्हीकडे.

त्या हिवाळ्यात मी तुमची माफी मागायला आले होते, आठवतं? तो पहिला अहवाल तुम्ही कधी पाहिलाच नसेल, अशी माझी समजूत. मी अडखळत सुरुवात केली आणि तुम्ही मेथीला पाणी देता देता म्हणालात, "मशागतीतली चूक. हां. वाचला मी तो कागद, कचेरीतून नक्कल आणली व्हती. वाईट वाटलं. लय वाईट वाटलं. पण दुसरा कागद बी तूच लिहिला ना?" त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा 'तू' म्हणालात. मग पाटाचं दार हलवून पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडलंत. विषय संपला.

पुढच्या काही वर्षांत बाहेरगावचे लोक आमची भट्टी बघायला यायला लागले. दोन हजार सालानंतर तर तशाच भट्ट्या आणखी दोन ठिकाणी झाल्या. एका परिषदेत मी हे सगळं मांडलं तेव्हा पडद्यावर माझ्या नावाशेजारी तुमचं नाव लिहिलं होतं. एकाने विचारलं, हे गृहस्थ कोणत्या संस्थेचे? मी म्हटलं, कुंपणापलीकडचे. मग तुमच्या वहीचं पान दाखवलं. सभागृहात आधी खसखस पिकली आणि नंतर कितीतरी वेळ टाळ्या वाजल्या. तुम्हाला येऊन सांगितलं तर तुम्ही एवढंच विचारलंत, "अक्षर दिसलं का नीट?"

आता आपला शेवटचा वाद.

अलीकडे मी आले की तुम्ही एकच प्रश्न लावून धरायचात. "जाळती चांगलं. पण जाळायला इतकं उरतंच कशाला?" मी सांगायचे, इंधन साच्यात ओततात, घट्ट झाल्यावर कडा कापाव्याच लागतात, ते काम दुसऱ्या शेडचं, माझं खातं भट्टीचं. तुम्ही म्हणायचात, "माझी निम्मी शेवंती फेकावी लागली तर मी चांगला उकिरडा शोधू का लावणीत काय चुकलं ते बघू?" महिन्यापूर्वी मी दमून आले होते, तुम्ही पुन्हा तेच काढलंत, आणि मी फटकन बोलले, "नाना, मला माझं काम शिकवू नका." तुम्ही "बरं" म्हणालात. काकूंनी दिलेला चहा मी अर्धा ठेवून निघाले.

रागाच्या भरात दुसऱ्याच दिवशी मी त्या शेडमध्ये गेले. तुम्हाला खोटं पाडायचं म्हणून. दिवसभर उभी राहिले. तिथले कामगार प्रत्येक ठोकळ्याचा वीतभर तुकडा कापून टाकत होते. का, विचारलं तर कोणालाच सांगता येईना. शेवटी सगळ्यात जुन्या कामगाराला आठवलं: फार पूर्वीच्या एका लांब मॉडेलचा साचा होता. मॉडेल बंद झालं, साचा तोच राहिला. इतकी वर्षं आम्ही तो वीतभर तुकडा ओतत होतो, कापत होतो आणि मोठ्या हुशारीने जाळत होतो.

मी साहेबांशी भांडले, आताचे साहेब नवीन आहेत. आखूड साचे करून घेतले. ते शुक्रवारी शेडमध्ये लागले. ह्या महिन्यापासून भट्टी आठवड्यातून दोनदा नाही, एकदाच लागेल. रविवारी येऊन तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं. काकूंसमोर, मोठ्याने: नाना, तुम्ही जिंकलात. शनिवारी सकाळी तुम्ही गेल्याचा निरोप आला.

आज मळ्यात आले होते. काकू शेवंतीच्या रांगेत होत्या, हात चालूच. मी त्यांच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. साचा, वीतभर तुकडा, आठवड्यातून एकदा. माझं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ओंजळभर फुलं पाटीत टाकत म्हणाल्या,

"त्यांला ठावंच व्हतं. तू गेली ना त्या दिवशी चहा ठेवून, तवाच म्हनले, पोरगी रागावून गेली. आता करतीच."